सहविकरांचा बाजार आणि ‘म्हणून’ हे अव्यय

‘वाढत्या वयाबरोबर शरीरातील कोएन्झाइम क्यू-टेन घटते. थकवा येतो, वय जाणवू लागते. म्हणून रोज एक कॅप्सूल.’ अशा आशयाच्या जाहिराती आज भारतातील बहुतेक भाषांत वाचायला मिळतात. या तीन वाक्यांपैकी पहिले अर्धवट खरे आहे, दुसरे कोणत्याही प्रौढ माणसाला कधी ना कधी लागू पडणारच, आणि तिसरे पहिल्या दोहोंतून निघतच नाही. मधल्या ‘म्हणून’ या एका अव्ययावर मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे, आणि विज्ञान शिकलेली, किंबहुना जीवरसायनशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झालेली माणसेही त्या अव्ययापाशी अडखळत नाहीत. ती थेट पुढच्या प्रश्नावर जातात: युबिक्विनोन घ्यावे की युबिक्विनॉल? शंभर मिलिग्रॅम की तीनशे? की हे जुने झाले, आता एनएमएन घ्यावे?

निवडीचा प्रश्न विचारला, की गरजेचा प्रश्न सुटल्यासारखा भासतो. विक्रेत्याला हेच हवे असते. दोन साड्यांपैकी कोणती, असे दुकानदार विचारतो तेव्हा साडी घ्यायचीच आहे हे त्याने परस्पर ठरवून टाकलेले असते.

सहविकर म्हणजे काय, हे विज्ञानाला कसे कळले ते आठवले तर या बाजाराचा उलटेपणा ध्यानात येतो. १९०६ मध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टचा रस जिलेटिनच्या गाळणीतून दाबाखाली गाळला. गाळणीवर राहिलेला भाग एकटा साखर आंबवू शकेना, खाली उतरलेला द्रवही एकटा काही करीना. दोन्ही पुन्हा एकत्र केल्यावर मात्र किण्वन सुरू झाले. उकळूनही ज्याचा गुण जात नाही असे काहीतरी लहान रेणूचे द्रव्य विकराला साहाय्य करते, हे त्या साध्या प्रयोगाने दाखवले. त्या द्रव्याचे आजचे नाव एनएडी. हार्डन आणि हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना १९२९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते या वाटेवरील कामासाठी. क्यू-टेनचा शोध बराच नंतरचा. १९५७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन आणि सहकाऱ्यांनी बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांमधून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमधून, ते पिवळे द्रव्य वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना निश्चित केली. तंतुकणिकेच्या पटलात हे द्रव्य नेमके काय करते याचा उलगडा होण्यात पीटर मिचेल यांच्या सिद्धांताचा वाटा मोठा; त्यांना १९७८ चे नोबेल मिळाले.

ते करते काय? इलेक्ट्रॉन वाहते. श्वसनसाखळीतील पहिल्या आणि दुसऱ्या संकुलाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि तिसऱ्याला द्यायचे, मग रिकाम्या हाताने परत यायचे. हा हमाल स्वतः ऊर्जा आणत नाही, खर्चही होत नाही. तोच रेणू पुन्हा पुन्हा वापरला जातो. ऊर्जा येते ती भाकरीतून, भातातून, तेलातून. म्हणजे ‘ऊर्जेसाठी कोएन्झाइम’ या शब्दयोजनेत ‘ऊर्जा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरलेला आहे. एक अर्थ पेशीतला, एटीपीचा. दुसरा संध्याकाळी कार्यालयातून घरी परतलेल्या माणसाच्या उत्साहाचा. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्यासाठी कोणताही पूल बांधलेला नाही. स्वयंपाकघरात लाटणी दहा आणली म्हणून पोळ्या दसपट होत नाहीत; कणीक तेवढीच असते आणि खाणारी माणसेही तेवढीच. पेशीतही श्वसनाचा वेग प्रामुख्याने एटीपीच्या मागणीवर ठरतो. स्नायू काम करू लागले की वेग वाढतो, बसून राहिले की उतरतो. निरोगी माणसाच्या तंतुकणिका इलेक्ट्रॉनवाहकाच्या तुटवड्याने अडून बसल्या आहेत, असे मानायला आधी तो तुटवडा दाखवावा लागेल.

(त्या एटीपीच्या शोधात आंध्रच्या भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा सहभाग होता. १९२९ मध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी स्नायूंमधून ते वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही. ‘सेल्युलर एनर्जी’ हे शब्द डबीवर छापणाऱ्या भारतीय कंपन्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, हा वेगळाच प्रश्न.)

तुटवडा आधी, औषध नंतर: सहविकरांच्या शास्त्राची हीच रीत होती आणि तिची दोन उत्तम उदाहरणे भारतातच घडली. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एक घातक प्रकारचा रक्तक्षय आढळत होता. विल्स यांनी या स्त्रिया काय खातात ते पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे दाखवून १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात काय होते ते पुढे कळले: फोलिक आम्ल, ज्यापासून शरीर पेशीविभाजनाला लागणारा सहविकर बनवते. दुसरे उदाहरण हैदराबादचे. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा होत असे. कातडी काळवंडून सोलणे, अतिसार, शेवटी भ्रम. जगात इतरत्र हा रोग मक्याशी जोडलेला होता. ज्वारीत तर ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नव्हते. मग हे कसे? सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील अतिरिक्त ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवले. त्या उपपत्तीवर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला, आणि तो होणेही योग्यच होते. पण प्रश्न विचारण्याची पद्धत पाहावी. कोणाला कमी पडते आहे, का कमी पडते, दिल्यावर फरक पडतो का, न दिलेल्यांशी तुलना केली का? पेलाग्रा म्हणजे मुळात एनएडीचा दुष्काळ. तोच एनएडी आज ‘तारुण्याचा रेणू’ म्हणून ज्यांना विकला जातो, त्यांच्या ताटात नियासिनची उणीव बहुधा नसतेच.

क्यू-टेनला जीवनसत्त्व म्हणता येत नाही, कारण ते शरीर स्वतः बनवते. ज्या मेव्हॅलोनेट मार्गाने कोलेस्टेरॉल तयार होते, त्याच मार्गाची ही एक शाखा. अन्नातून दिवसाला काही मिलिग्रॅम मिळते ते मांस, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, तेल यांतून. पण मुख्य कारखाना पेशीतच असतो. जनुकीय दोषामुळे ज्या बालकांत हा कारखानाच बंद पडतो त्यांना मोठ्या मात्रेत क्यू-टेन देतात, आणि काहींना त्याचा स्पष्ट लाभ होतो. हे खरे औषध आहे, खऱ्या रोगावर. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांबाबतही अनुकूल पुरावा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्यू-सिम्बायो या चाचणीत ४२० रुग्णांना दोन वर्षे रोज ३०० मिलिग्रॅम क्यू-टेन किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. गंभीर हृदयघटना क्यू-टेन गटात १५ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात २६ टक्क्यांना झाल्या. निकाल लक्षणीय आहे. हृद्रोगाच्या चाचण्यांत जिथे हजारोंनी रुग्ण घेतले जातात तिथे ४२० हा आकडा लहान आहे, हेही तितकेच खरे. पण वादासाठी तो निकाल संपूर्ण मान्य केला, तरी त्यातून काय सिद्ध होते? हृदयविकाराच्या रुग्णाने, हृदयाच्या इतर औषधांसह, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेतल्यास उपयोग होऊ शकतो. बत्तीस वर्षांच्या संगणक अभियंत्याने सकाळच्या चहाबरोबर ते घेतल्यास त्याचा आळस जातो, हे त्यातून कुठेही निघत नाही. जाहिरातीत मात्र चाचणी रुग्णांची असते आणि छायाचित्र धावणाऱ्या तरुणाचे.

प्रतिकूल निकाल तर कोणी सांगतच नाही. कंपविकारात तंतुकणिकांचे काम बिघडते हे ठाऊक असल्याने क्यू-टेनकडून फार आशा होती. अमेरिकेत ६०० रुग्णांवर १२०० आणि २४०० मिलिग्रॅम अशा प्रचंड मात्रांची चाचणी झाली. लाभाची चिन्हे न दिसल्याने ती मुदतीआधी थांबवावी लागली आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हंटिंग्टन रोगावरील ६०९ जणांची चाचणीही अशीच थांबली. तिचा अहवाल २०१७ चा. तंतुकणिकांचा दोष ज्या रोगांत प्रत्यक्ष दिसतो, तिथे बाजारातील नेहमीच्या मात्रेच्या दहा-वीस पटींनीही काही साधले नाही. मग ज्याच्या तंतुकणिका धडधाकट आहेत त्याला १०० मिलिग्रॅमने नेमके काय मिळणार, याचे उत्तर विकणाऱ्याने द्यायचे आहे. ते न मागता डबी विकत घेणे हा विज्ञानावरील विश्वास नव्हे.

स्टॅटिन घेणाऱ्यांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणून तो बाजारात सर्वांत सोपा करून सांगितला जातो. स्टॅटिन मेव्हॅलोनेट मार्ग अडवते, त्यामुळे रक्तातील क्यू-टेन उतरते, हे खरे. स्टॅटिन घेणाऱ्या काहींचे स्नायू दुखतात, हेही खरे. क्यू-टेन दिल्याने ते दुखणे थांबते का, यावर चाचण्यांचे एकत्रित आढावे एकमेकांशी जुळत नाहीत. दरम्यान, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० जणांच्या एका इंग्लिश चाचणीत त्याच व्यक्तींना काही महिने स्टॅटिन, काही महिने निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच नाही असे आळीपाळीने दिले गेले. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के हिस्सा निष्क्रिय गोळीवरही झाला. त्रास खराच होता. कारण मात्र बहुतांशी गोळी गिळण्यात होते, गोळीतल्या द्रव्यात नव्हते.

आता वार्धक्य. काही ऊतींत क्यू-टेन वयाबरोबर उतरते, हे पहिल्या वाक्यातले अर्धे सत्य. वयाबरोबर केसही पांढरे होतात, पण कलप लावल्याने कोणाचे वय थांबल्याचे ऐकिवात नाही. घट हे कारण आहे की परिणाम, की शरीराने घटत्या गरजेशी केलेली तडजोड, हे प्रयोगाशिवाय ठरत नाही. आणि प्रयोग कधी कधी जाहिरातीच्या नेमके उलट बोलतात. सूक्ष्म गोलकृमी सी. एलिगन्स याच्या क्लक-१ या जनुकात बिघाड झाला की त्याला स्वतःचे क्यू बनवता येत नाही. असे कृमी सामान्य कृमींहून अधिक जगतात. २००२ मध्ये तर साध्या कृमींना क्यू नसलेल्या जिवाणूंचा आहार दिला असता त्यांचेही आयुष्य वाढल्याचे दाखवले गेले. यावरून माणसाने क्यू-टेन टाळावे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण ‘कमी म्हणजे म्हातारपण, जास्त म्हणजे तारुण्य’ हे सरळ गणित निसर्गाला मान्य नाही, एवढे त्या एक मिलिमीटरच्या कृमीने निश्चित सांगितले आहे.

स्वीडनमधील एका चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो. ४४३ वृद्धांपैकी ज्यांना चार वर्षे क्यू-टेन आणि सेलेनियम मिळाले, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. हा दाखला देताना सेलेनियमचा उच्चार हळू आवाजात होतो. स्वीडनच्या मातीत सेलेनियम कमी आहे, तिथल्या वृद्धांत त्याची उणीव आढळते, आणि दोन द्रव्ये एकत्र दिल्यावर श्रेय कोणत्या एकाचे हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. तेच निष्कर्ष भारतात उचलून आणताना निदान इथल्या माणसांचे सेलेनियम तरी मोजायला हवे होते.

एनएमएन आणि एनआर या नव्या नावांची कथा वेगळी नाही, फक्त महाग आहे. ही द्रव्ये घेतल्याने माणसाच्या रक्तातील एनएडी वाढते, यात शंका नाही. वाढल्याने पुढे काय होते? २०२१ मध्ये गाजलेल्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २५ स्त्रियांना दहा आठवडे २५० मिलिग्रॅम एनएमएन किंवा निष्क्रिय गोळी दिली. एनएमएन गटात स्नायूंची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली. रक्तातील साखर, वजन, रक्तदाब यांत फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांत समांतर चालणाऱ्या उंदरांवरील सरकारी कार्यक्रमाने एनआरने उंदरांचे आयुष्य वाढत नसल्याचे जाहीर केले. पहिली बातमी भारतीय समाजमाध्यमांवर सर्वत्र फिरली. दुसरी शोधावी लागते.

युबिक्विनोन की युबिक्विनॉल, हा वाद तर दोन विक्रेत्यांमधलाच आहे. एक ऑक्सिडीकृत रूप, दुसरे क्षपित. शरीर एकाचे दुसरे करीतच असते, आणि युबिक्विनोन गिळले तरी रक्तात जे फिरते ते बहुतांशी युबिक्विनॉलच असते. शोषणावर मोठा परिणाम करणारी गोष्ट वेगळीच आहे. हे द्रव्य मेदात विरघळते, त्यामुळे तेलात विरघळवलेली कॅप्सूल जेवणाबरोबर घेतली तर अधिक शोषली जाते, आणि कोरडी पूड उपाशीपोटी घेतली तर बरीचशी वाया जाते. ज्याला डॉक्टरांनी खरोखर सांगितले आहे त्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आणखी एक गोष्ट मात्र त्याने विसरू नये: क्यू-टेनची रचना के जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे. वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णांत त्या औषधाचा परिणाम कमी झाल्याची उदाहरणे नोंदवली गेली आहेत. ‘घेतले तर निदान अपाय तरी नाही’ हे वाक्य हृदयाची झडप बदललेल्या माणसाला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे.

मग हे सारे कायद्यात कसे बसते? इथे खरा संताप यावा अशी गोष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये अशा व्याधींची यादी आहे, ज्या बऱ्या करण्याचा वा टाळण्याचा दावा भारतात कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत अकाली वार्धक्य आहे. पुन्हा तारुण्य देण्याची शक्तीही आहे. म्हणजे औषध म्हणून परवाना घेणाऱ्याने, गुणवत्ता आणि परिणाम यांची कठोर तपासणी करून घेतल्यानंतरही, ‘तारुण्य परत मिळेल’ असे म्हणायचे नाही. पण तेच द्रव्य अन्न म्हणून, आरोग्यपूरक या वर्गात, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या परवान्यावर बाजारात आणले की परिणाम सिद्ध करणारी औषधासारखी चाचणी कोणी मागत नाही, आणि ‘निरामय वार्धक्यासाठी’ असे मोघम शब्द डबीवर सुखेनैव नांदतात. त्याच डबीवर कुठेतरी बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. दर्शनी बाजूला आश्वासन, मागच्या बाजूला त्याचा इन्कार; आणि दोन्ही कायदेशीर!

डबीत लिहिले आहे तेवढे असते का, हा प्रश्न त्यानंतरचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांची तपासणी झाली. सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. ती प्रथिने होती, सहविकर नव्हेत. पण परवाना देणारी यंत्रणा तीच, आणि प्रथिने मोजणे हे क्यू-टेन मोजण्याहून सोपे काम आहे.

यावर एक उत्तर नेहमी येते: ज्याचा पैसा, त्याची मर्जी. ही मर्जी माहितीवर उभी असती तर तक्रार नव्हती. शिवाय थकवा हे लक्षण आहे, आणि लक्षणावर पांघरूण घातले की रोग वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९–२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. थायरॉइडची कमतरता, अपुरी झोप, नैराश्य यांची भर वेगळी. या माणसांना थकवा येणारच, आणि त्या प्रत्येक कारणाचे निदान करण्याची साधी, जुनी, तुलनेने स्वस्त साधने आहेत.

सर्वांत मोठा उपरोध बी-१२ चा. मिथिलकोबालामिन आणि अडेनोसिलकोबालामिन हे खरेखुरे सहविकर. शरीर ते मूलद्रव्यापासून बनवू शकत नाही आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. दूधही बेताचेच मिळणारा शाकाहारी, वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारा मधुमेही, पचन मंदावलेला वृद्ध: या तिघांनाही उणिवेचा धोका अधिक. त्या उणिवेने थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, स्मरण क्षीण होते, आणि फार काळ दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंची हानी कायमची राहते. वयाचाच परिणाम म्हणून ही लक्षणे घरातल्या वृद्धांच्या बाबतीत सहज सोडून दिली जातात. रक्ताच्या एका तपासणीने ही उणीव कळू शकते, आणि भरून काढायला लागणारी गोळी क्यू-टेनच्या डबीच्या किमतीच्या अल्पांशात मिळते. अर्थात तपासणीशिवाय बी-१२ ची गोळीही रोज गिळण्याचे कारण नाही. तिच्याही भोवती आता ‘ऊर्जा’ शब्दाची रोषणाई सुरू झाली आहे.

अन्न प्राधिकरणाला यात करण्यासारखे थोडेच आहे, आणि तेवढे तरी तातडीने करता येईल. अनुसूची ‘जे’ मधील व्याधींची सावली ज्या शब्दांवर पडते ते शब्द पूरकांच्या डबीवरूनही हटवावेत; ज्या चाचणीचा दाखला दिला जातो तिच्यातील माणसे रोगी होती की निरोगी, हे दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापायला लावावे; आणि नमुने दुकानातून उचलून त्यांचे विश्लेषण कंपनीच्या नावानिशी प्रसिद्ध करावे. लेटरहेडवर क्यू-टेन लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी त्याच कागदावर, त्याच्या वरच्या ओळीत, हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच आणि साखर यांचे आकडे लिहावेत.